जुने स्पोर्ट्स शूज: दुसऱ्याला द्यावेत की रिसायकलिंगला?

साधारण ५०० ते ८०० किलोमीटर धावलं की बुटातला फोम दबतो. बाजूने नीट पाहा, मधल्या थरावर बारीक आडव्या सुरकुत्या दिसतील. धावायला तो बूट संपला, चालायला मात्र अजून चांगला असतो. म्हणून तळ शाबूत असेल तर धुऊन, सावलीत वाळवून, दोन्ही नाड्या एकमेकींना बांधून गरजूला द्यावा. नवं काही न बनवता अख्खी जोडी वापरात राहते, हे मला सगळ्यात मोलाचं वाटतं.

तळ फाटलेला, शिवण उसवलेली जोडी मात्र कुणाला देऊच नये. तो माणसाचा अपमान आहे. तिथे रिसायकलिंग बरं. नाइकी कंपनीच्या ‘नाइकी ग्राइंड’ या उपक्रमात जुने बूट भरडून रबर, फोम, कापड वेगळं काढतात, त्यातून धावण्याचे ट्रॅक आणि खेळाच्या मैदानांचे पृष्ठभाग होतात. गोंदाने घट्ट चिकटलेले थर सोडवणं हेच त्यातलं जिकिरीचं काम.