पंपाची पेट्रोल टाकी तडकली: चिकटवायची, वेल्डिंग करायची की नवी घ्यायची?

पऱ्हाटीवर फवारा मारायची घाई, पावसानं दोन दिवसांची उघडीप दिलेली, आणि नेमकी तेव्हाच पाठीवरच्या पंपाची पेट्रोल टाकी पाझरायला लागते. तडा केसाएवढा. टाकीखाली बोट फिरवलं की ओली धूळ लागते, तेवढंच. मग गावात तीन सल्ले मिळतात.

पहिला, चिकटवून टाक. मागच्या हंगामात मी इपॉक्सीच्या दोन गोळ्या मळून लावल्या होत्या. आठवडाभर टिकलं. मग नख लावलं तर अख्खी चकती खपलीसारखी हातात आली, खालचं प्लास्टिक गुळगुळीतच! या टाक्या बहुधा पॉलिथिनच्या, आणि पॉलिथिनला साधा गोंद धरत नाही. त्यात इंजिनाची थरथर. हा उपाय मी कायमचा सोडला.

दुसरा, प्लास्टिक वेल्डिंग. जाणत्या हातचा जोड टिकतो. टाकीवर 'एचडीपीई' (पॉलिथिनचाच एक टणक प्रकार) असा शिक्का असेल तर जोडासाठी वितळवायची प्लास्टिकची कांडीही त्याचीच हवी, आणि तड्याच्या दोन्ही टोकांना बारीक छिद्र पाडावं लागतं, नाहीतर तडा पुढे सरकतो. पण भीती वेगळीच आहे. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा घातक. आत हवा आणि पेट्रोलची वाफ मिसळलेली असते, आणि पेट्रोल उणे 40 अंशांच्या थंडीतही पेट घेण्याइतकी वाफ सोडतं. प्लास्टिकमध्ये मुरलेलं पेट्रोल तर धुतल्यावरही हळूहळू बाहेर येतं, म्हणून वास गेला तरी भरवसा नाही. साबणाच्या पाण्यानं चार-पाचदा धुवायची, उघड्यावर वाळवायची, तडा वर येईल अशी ठेवून तड्याच्या जवळपर्यंत पाणी भरायचं, मगच तापलेली कांडी. ज्योत तर नकोच. एवढं न करणाऱ्याच्या हाती टाकी देऊ नका, आणि कोठ्यात बसून घरी करू नका.

तिसरा, नवी टाकी. त्यासाठी यवतमाळला चक्कर, एखादा दिवस वाया. जुनी टाकी झाकणासकट सोबत न्या, माप चुकत नाही. नळी आणि रबरी वायसरही तेव्हाच बदला.

जमिनीवर ठेवलेल्या जनरेटरच्या टाकीला, तडा सपाट भिंतीवर असेल तर, वेल्डिंग मी चालवून घेईन. नळीच्या तोंडाशी किंवा सांध्यावर असेल तर नाही. पाठीवरच्या पंपाला मात्र नवीच. तिथं गळलेलं पेट्रोल तापल्या सायलेन्सरजवळ, आपल्या सदऱ्यावर पडतं.

कोणतीही टाकी बसवण्याआधी पेट्रोल भरून, चुलीपासून लांब, उघड्यावर पुठ्ठ्यावर रात्रभर ठेवा. सकाळी पुठ्ठ्यावर डाग दिसला तर ती पंपाला लावू नका.