सकाळची उभी बैठक की व्हॉट्सॲप ग्रुप?

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत युनिफॉर्म शिवणाऱ्या एका कारखान्यात मी लाइन सांभाळतो. आज कुठला लॉट, कुठला बदल, कोण कुठल्या मशीनवर हे माणसांपर्यंत पोचवायचे दोन्ही मार्ग मी वापरले आहेत. एक म्हणजे रात्री ग्रुपवर मेसेज टाकणं, दुसरा म्हणजे सकाळी मशीन सुरू व्हायच्या आधी सगळ्यांना उभ्याउभ्या गोळा करणं. नव्यानं सुपरवायझर झालेल्यांना यातलं एकच काहीतरी धरायचं असतं, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

आधी ग्रुपच्या बाजूनं बोलतो, कारण बैठकवाले त्याला फुकट नावं ठेवतात. साइझचा रेशो, कापडाचा शेड, लोगोची जागा हे तोंडी सांगून भागत नाही, फोटोच लागतो. महिन्यानं शाळेनं "आम्ही असं सांगितलंच नव्हतं" म्हटलं की जुना मेसेज वर काढून दाखवता येतो. जानेवारीत गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेच्या दिवसांत निम्मी लाइन तिकडंच असते, तेव्हा कोण येणार, कोण नाही हे ग्रुपवरच कळतं.

शिवाय बैठकीला एक खोट आहे आणि ती शिलाईच्या धंद्यात चांगलीच बोचते. आपल्याकडं मजुरी नगावर. दहा मिनिटं उभं राहायचं म्हणजे बाईच्या हातचे तेवढे नग गेले. मालकाला ती फुकटची वाटतात, तिला ती खिशातून गेलेली दिसतात. एप्रिल-मेमध्ये शाळांचा सीझन आणि सोलापूरचं ऊन एकदमच येतं, सकाळचे थंड तास सोन्याचे असतात. त्यातली दहा मिनिटं मागताना मलाही जड जायचं.

उभ्या बैठकीची बाजू घेणारे १९९९ सालच्या एका अमेरिकी अभ्यासाचा दाखला देतात. बसून घेतलेल्या बैठका उभ्यानं घेतलेल्यांपेक्षा ३४ टक्के जास्त लांबल्या, पण निर्णय काही सरस निघाले नाहीत. खरं आहे, फक्त ते गट पाच-पाच जणांचे होते. ओव्हरलॉकपासून पॅकिंगपर्यंत पंचवीस माणसं उभी केली की पाठीमागच्या रांगेत स्वयंपाकाच्या गप्पा सुरू होतातच.

मग मी बैठकीकडं का झुकलो? अंगठ्यामुळं.

ग्रुपवर मेसेज टाकला की खाली अंगठे उमटतात. दहा अंगठे आले की आपल्याला वाटतं, झालं काम. एकदा कॉलरच्या पट्टीचा रंग बदलला होता, रात्री फोटोसकट टाकला, भराभर अंगठे आले. सकाळी लाइनवर जुनीच पट्टी चाललेली. विचारलं तर एका बाईनं सरळ सांगितलं, "सर, रात्री मोबाईल पोराकडं असतोय की. तोच दाबतोय." आणखी दोघी-तिघींचं तेच निघालं. घरात चांगला फोन एकच, तो अभ्यासाच्या नावाखाली मुलांकडं. म्हणजे माझ्या कॉलरला मंजुरी आठवी-नववीतली पोरं देत होती! ज्यांनी स्वतः दाबला होता त्यांनीही फोटो मोठा करून बघितलाच होता असं नाही. अल्टरचा, म्हणजे उसवून पुन्हा शिवायच्या नगांचा ढीग किती झाला ते सांगत बसत नाही.

ग्रुप कितीही नीट चालवला तरी हे मला सुटलं नाही. "समजलं का ते लिहा" म्हटलं की सगळे "समजलं" लिहितात. समोर उभं राहिलं की मात्र चेहरा दिसतो. आमच्या लाइनवर बऱ्याच बायकांची घरची भाषा तेलुगू, काहींची कन्नड. मराठी सगळ्या बोलतात, पण वाचायला काहींना जड जातं. बैठकीत शेजारची दोन शब्दांत तेलुगूत सांगून टाकते आणि लगेच प्रश्न येतो, "मग जुन्या कापलेल्या पट्ट्यांचं काय करायचं?" हा प्रश्न ग्रुपवर कधीच आला नसता.

रात्रीच्या मेसेजचं वेगळंच. कामाच्या वेळेनंतर फोन-मेल न उचलण्याचा हक्क असावा म्हणून सुप्रिया सुळे यांनी लोकसभेत खासगी विधेयकही मांडलं होतं. आपल्याकडं कायद्याची वाट कोण बघतोय, पण साडेदहाला आलेला मेसेज झोपेआधी डोक्यात बसतो एवढं खरं. निदान माझ्या तरी.

तुमचं काम घरी शिवणाऱ्या बायकांकडं जात असेल, तर ग्रुपला पर्याय नाही. माणसं चार-पाचच असतील तर बैठक वेगळी कशाला, चहाच्या वेळी बोलणं होतंच. बाकी लाइन एका छताखाली असेल तर मी सकाळचीच सुचवेन, तुमचा अनुभव वेगळा असू शकतो.

घेणार असाल तर दोन गोष्टी पाळून बघा. पहिलं बोलणं तुमचं नको, चेकिंगवाल्या बाईचं असू द्या. काल कुठं टाके सुटले, कुठल्या साइझला काज वाकडं आलं हे तिला तुमच्यापेक्षा जास्त माहीत असतं. आणि त्या दहा मिनिटांचे पैसे मालकाकडून आधी ठरवून घ्या, पगाराच्या चिठ्ठीवर वेगळ्या ओळीत. आमच्याकडं ती ओळ आल्यानंतरच बायका वेळेवर यायला लागल्या. फोटो अजून ग्रुपवरच जातो, पण सकाळी, सगळे समोर उभे असताना.