सांगलीतील अस्थिरोग दवाखाना: ‘गार्डन ३’ म्हणजे काय, हे जेथे समजले

न्हाणीघरात पाय घसरून आईच्या डाव्या खुब्याचे हाड मोडले. एक्स-रे केंद्राने दिलेल्या अहवालात ‘गार्डन ३’ असा शेरा होता, आणि अर्थ विचारल्यावर ‘डॉक्टरांना दाखवा’ एवढेच उत्तर मिळाले. विश्रामबागेतील ज्या दवाखान्यात आम्ही पुढे गेलो, तेथील अस्थिरोगतज्ज्ञांनी मात्र फिल्म उजेडात धरून त्या शेऱ्यामागचा सारा इतिहास सांगितला. हा अभिप्राय मुख्यतः त्यासाठीच लिहीत आहे.

एक्स-रेचा शोध १८९५ सालचा. त्याच्या कितीतरी आधी, १८२२ साली, लंडनचे शल्यविशारद ॲस्टली कूपर यांनी सांध्याच्या आवरणाच्या आतील मोड आणि बाहेरील मोड यांत भेद केला होता. आतील मोडात खुब्याच्या गोळ्याकडे, म्हणजे मांडीच्या हाडाच्या वरच्या गोल टोकाकडे, पुरेसे रक्त पोचत नाही, म्हणून तो सहसा जुळत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. १९३५ साली जर्मनीच्या फ्रीड्रिश पॉवेल्स यांनी मोडाच्या रेषेच्या कोनावरून तीन प्रकार पाडले, कारण रेषा जितकी उभी तितके तुकडे एकमेकांवरून घसरण्याचे बळ अधिक. ब्रिटनच्या रॉबर्ट गार्डन यांनी १९६१ साली गोळा जागेवरून किती सरकला, यावरून चार टप्पे ठरवले. तिसऱ्या टप्प्यात मोड आरपार असतो आणि गोळा काही अंशी सरकलेला असतो.

आईचे वय ७८. गोळ्याचा रक्तपुरवठा धोक्यात असल्याने स्क्रू घालून हाड जुळण्याची वाट पाहण्यापेक्षा अर्धा सांधा बदलावा, हा सल्ला त्यामुळे आम्हाला पटला. तिसरा आणि चौथा टप्पा ओळखण्यात तज्ज्ञांचेही अनेकदा एकमत होत नाही, खरा निर्णय गोळा सरकला आहे की नाही यावरच होतो, हेही त्यांनी मोकळेपणाने सांगितले. माझा विश्वास बसला तो या वाक्याने.

मिरजेत शस्त्रक्रिया झाली आणि आई आता वॉकर घेऊन अंगणापर्यंत जाते. त्रुटी म्हणजे स्ट्रेचरवरील रुग्णालाही विश्रामबागेतील या दवाखान्यात दोन तास थांबावे लागते, आणि शस्त्रक्रियेनंतरच्या सूचनांचा कागद केवळ इंग्रजीत आहे. तो मराठीत हवाच. जाताना नुसता अहवाल न नेता मूळ फिल्म सोबत न्यावी, कारण डॉक्टर आधी ती स्वतः पाहतात आणि मगच अहवालातील आकडा वाचतात.