७० मिमीची दुर्बीण: नळी झकास, पाय लटपटे

दुर्बीण गेल्या दिवाळीत घेतली, साडेनऊ हजारांना. खोक्यावर ठसठशीत छापलंय, ‘५२५ पट’. त्याला भुलू नका. नळीची फोकल लेंथ, म्हणजे पुढच्या भिंगापासून प्रतिमा जमते तिथवरचं अंतर, ७०० मिमी. तिला ४ मिमीच्या आयपीसने (डोळा लावतो ते भिंग) भागलं की १७५, वर सोबतच्या बार्लोने (पट वाढवणारं जोडभिंग) तिप्पट. गणित बरोबरच आहे, पण ७० मिमी व्यासाचं भिंग जेमतेम १४० पट पेलतं. त्यापुढे गुरू म्हणजे पाण्यात पडलेला बत्तासा.

१० मिमीची आयपीस लावली की ७० पट मिळते, आणि तिथे हीच नळी बाजी मारते. डोंबिवलीत आमच्या गच्चीवरून आकाश नारिंगी दिसतं, तारे मोजून दहा-बारा. ग्रहांना मात्र त्याचं काही पडलेलं नसतं. डिसेंबरात मिथुनेतला गुरू: दोन करडे पट्टे, एका रेषेत चार चंद्र. दुसऱ्या रात्री तीनच दिसले, एक गुरूच्या आड गेलेला. कडेला जांभळट झाक येते, दोन भिंगांच्या स्वस्त दुर्बिणीत ती येणारच. शनीची कडी २०२५ मध्ये जवळपास आडवी होती, त्यामुळे मण्यातून सुई आरपार घातल्यासारखा दिसला. चौथ्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, “एवढुसाच? आणि ह्याला घाबरून आम्ही दर शनिवारी तेल वाहतो?”

आता तक्रार. तिवई. पोकळ अ‍ॅल्युमिनियमचे पाय, प्लास्टिकचे सांधे. ७० पटीला ग्रह दोन-अडीच मिनिटांत दृश्याबाहेर सरकतो, म्हणून नळी सारखी ढकलावी लागते, आणि बोट लागलं की गुरू पाच-सहा सेकंद नाचतो. दुकानदाराला फोन केला तर म्हणे, “सर, सगळ्या अशाच असतात.” शेवटी मधल्या ट्रेखाली पाच लिटरचा पाण्याचा कॅन टांगला, पाय पूर्ण लांब न करता खुर्चीवर बसून बघायला लागलो. थरथर निम्म्यावर आली.

लाल ठिपक्याचा फाइंडर, म्हणजे नेम धरायला नळीवर बसवलेलं छोटं साधन, दिवसाउजेडी लांबच्या मोबाइल टॉवरवर जुळवून ठेवा. रात्री अंधारात ते स्क्रू फिरवत बसलात तर वॉचमन गच्चीची चावी मागायला येतो, तरी ग्रह सापडलेला नसतो. आणि उन्हात तापलेली गच्ची अंधार पडल्यावरही काही वेळ वाफारते आणि त्यात ग्रह डगमगतो, म्हणून नऊनंतरच चढा.

पाचपैकी साडेतीन. बार्लो आणि ४ मिमीची आयपीस मी परत डबीत घालून ठेवलीय, कुणाला हवी असेल तर घेऊन जा.