हेल्मेटच्या काचेवर वाफ धरू नये म्हणून: पिनलॉक लेन्सचे दोन पावसाळे

मी गुरांचा डॉक्टर. पाटणच्या वरच्या अंगाला कोयनानगर, हेळवाक आणि आसपासच्या वाड्या-वस्त्यांवर माझं काम चालतं. म्हैस अडली म्हणून फोन आला की घड्याळ बघायचं नाही आणि पाऊसही बघायचा नाही. कोयनानगरला वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. त्या चार महिन्यांत मोटरसायकलवर मला सगळ्यात जास्त त्रास चिखलाने दिला नाही, खड्ड्यांनीही नाही. दिला तो हेल्मेटच्या काचेवर आतून धरणाऱ्या वाफेने.

गेल्या वर्षी जुलैत रात्री अकराच्या सुमाराला कुंभार्ली घाटाच्या अलीकडच्या एका वस्तीवर निघालो होतो. काच खाली केली की दोन श्वासांत पांढरी, वर केली की पाऊस सुईसारखा डोळ्यांत. अर्धवट उघडी ठेवून, मान वाकडी करून चाललो होतो. वळणावर समोरून ट्रक आला आणि त्याच्या उजेडात सगळी काच दुधाळ झाली. रस्त्याची कडाच दिसेना. जागच्या जागी थांबलो. ट्रक गेल्यावर बॅटरी मारून पाहिलं, तर पुढचं चाक गटारापासून वीतभर अंतरावर होतं. त्या रात्री म्हैस सुटली, रेडकूही जगलं. पण घरी येताना ठरवलं की यावर पक्का उपाय केल्याशिवाय पुन्हा रात्री निघायचं नाही.

तोपर्यंत सगळे घरगुती उपाय करून झाले होते. भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब आतून चोळून कोरड्या फडक्याने पुसला, तर खरंच फरक पडतो. साबणामुळे पाण्याचे बारीक थेंब सुटे राहत नाहीत, त्यांचा पातळ थर पसरतो आणि त्यातून दिसतं. पण आमच्याकडच्या पावसात काच चार वेळा वर-खाली केली की साबण वाहून जातो. दाढीच्या फोमचीही तीच गत. एक स्प्रे मागवला होता, तो दोन दिवस टिकला. टूथपेस्ट मात्र कोणी सांगितली तरी लावू नका. ती काच खरवडते आणि रात्री प्रत्येक ओरखडा दिव्यासमोर चमकतो. घरातल्या आरशाचं अमोनियावालं क्लीनरही नको. ही काच नसते, पॉलिकार्बोनेट असतं, ते त्याने खराब होतं.

मग कराडच्या एका दुकानातून पिनलॉक घेतलं. हे म्हणजे काचेच्या आतल्या बाजूला बसणारी दुसरी पातळ लेन्स. तिच्या कडेला चारही बाजूंनी सिलिकॉनची बारीक दोरी असते. ती मुख्य काचेला टेकली की दोघींच्या मध्ये हवा कोंडली जाते. बाहेरची काच पावसाने गार पडली तरी तो गारवा आतल्या लेन्सपर्यंत सहज येत नाही. शिवाय आतल्या लेन्सचं प्लॅस्टिक ओलावा शोषून घेतं, त्यामुळे थेंब धरायलाच उशीर लागतो.

पहिल्या दिवशी माझी निराशाच झाली. डाव्या कोपऱ्यात, दोन्ही काचांच्या मधोमध, रुपयाएवढा धुरकट डाग आला. दुकानातल्या पोराने घाईत बसवलं होतं. रात्री घरी काच काढून दिव्यासमोर धरली. सिलिकॉनची दोरी जिथे नीट टेकते तिथे ओली, गडद रेघ दिसते. डाव्या खालच्या कोपऱ्यात बोटभर लांबीत ती रेघ तुटलेली होती. ज्या दोन खिळ्यांमध्ये लेन्स अडकते, ते मधोमध नसून जरा एका बाजूला कललेले असतात. ते फिरवले की लेन्स घट्ट किंवा सैल होते. डावा खिळा जरासा फिरवला आणि रेघ अखंड झाली. त्यानंतर तो डाग पुन्हा आला नाही. तुम्ही बसवाल तेव्हा ही रेघ दुकानातच बघून घ्या. लेन्सवरचा संरक्षक कागद निघालाय ना, तेही बघा.

आता दुसरा पावसाळा संपत आलाय. चालत्या गाडीवर, काच पूर्ण बंद करून, धो-धो पावसात मला समोरचं स्वच्छ दिसतं. घाटाच्या वर ढगात शिरलं तरी दिसतं. काचेतून रस्त्यावर बसलेली गाय पन्नास फुटांवरून ओळखू येणं ही माझ्यासाठी फार मोठी गोष्ट आहे.

दोन गोष्टींची सवय करावी लागते. रात्री समोरच्या दिव्याची एक फिकट दुसरी प्रतिमा दिसते. दोन काचा म्हटल्यावर ते येणारच, आठवडाभरात नजर सरावते. आणि लेन्सची वरची कडा नजरेत येते, वाकून बसणाऱ्याला जास्त. रात्री जाणार असाल तर रंगीत लेन्स अजिबात घेऊ नका, साधी पारदर्शकच घ्या.

चष्मेवाल्यांसाठी खास सांगतो, कारण मी स्वतः चष्मेवाला आहे. पिनलॉक काच वाचवतं, चष्मा नाही. माझा चष्मा अजूनही थांबलो की धुरकटतो. त्यावर हेल्मेटच्या आत नाकावर बसणारा श्वासरोधक पट्टा लावला, म्हणजे श्वास खाली जातो. हनुवटीजवळची झडप उघडी ठेवतो, आणि चष्म्याला मात्र तो साबणाचा थेंब. तोंडाला रुमाल बांधायची सवय असेल तर सोडा. रुमालामुळे सगळी वाफ सरळ डोळ्यांकडे वर चढते.

निगा सोपी आहे, पण हयगय चालत नाही. लेन्सची आतली बाजू मऊ असते, त्यातून ओली असताना तर फारच. पहिल्या महिन्यात मी घाईत रुमालाने पुसली आणि उजव्या डोळ्यासमोर दोन ओरखडे कायमचे बसले. कोमट पाणी, अगदी सौम्य साबण आणि आपोआप वाळू द्यायची, बस. गोठ्यातून आल्यावर हेल्मेट उलटं ठेवून काच उघडी ठेवतो, म्हणजे लेन्समधला ओलावा रात्रभरात निघून जातो.

घ्यायच्या आधी आपल्या हेल्मेटच्या काचेला हे खिळे आहेत का, ते बघा. नसतील तर त्याच हेल्मेटची खिळे असलेली काच मिळते का विचारा. जुन्या काचेला घरी भोकं पाडू नका. मला काच आणि लेन्स मिळून अडीच हजारांच्या आत पडलं. लेन्सवर ३०, ७० किंवा १२० असा आकडा असतो, आकडा मोठा तितकी ती जास्त वेळ तग धरते. मी ७० घेतली होती. आता चिपळूणच्या बाजूच्या एका सहकाऱ्याने विचारलं, त्याला रोज घाट उतरायचा असतो, तर त्याला १२० च घ्यायला सांगितली.