वासोटा की चांदोली: खिसा हलका असेल तर

सह्याद्रीचं दाट सदाहरित जंगल बघायचंय, स्वतःची गाडी नाही आणि खर्च आटोक्यात ठेवायचाय, तर सातारा-सांगलीकडच्या माणसाचा प्रश्न शेवटी एवढ्यावरच येतो: बामणोलीतून लाँचने वासोटा किल्ला, की शिराळ्यावरून चांदोली राष्ट्रीय उद्यान? दोन्ही सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात येतात, २०१० पासून. कोयना अभयारण्य (वासोटा त्यातच येतो) आणि चांदोली जागतिक वारशाच्या यादीतही २०१२ साली एकदमच गेली. पावसाळ्यात दोन्हीकडे प्रवेश बंद, त्यामुळे धो-धो पावसातल्या भटकंतीचा बेत असेल तर तो सोडून द्या. डिसेंबर-जानेवारी उत्तम.

जंगल म्हणाल तर चांदोली मला उजवं वाटतं. माणसांची वर्दळ कमी, झाडी लांबच लांब सलग, आणि झोळंबीच्या सड्यावरचा वारा वेगळाच. गवे दिसायचा संभवही तिकडे जास्त असावा. चौघं-पाच जण गाडी घेऊन निघणार असाल तर पुढचं वाचूच नका, सरळ तिकडे जा.

पण माझं घोडं अडलं ते गाडीपाशी. चांदोलीत आम्ही फिरलो ते जीपमधूनच, उतरायचं ते ठरलेल्या ठिकाणी. नियम योग्यच आहे म्हणा, वाघाच्या घरात जातोय आपण. तरी डोक्यावर शेकरू ओरडतंय, अंजनीच्या झाडांच्या सावलीतली पायवाट समोर दिसतेय आणि आपण मागच्या सीटवर धूळ खात बसलोय, हे पाठीवर सॅक घेऊन आलेल्याला सोसत नाही. त्यात भाडं गाडीमागे. एकटादुकटा असाल तर अख्ख्या गाडीचे पैसे एकट्याच्या बोकांडी, आणि वाटून घ्यायला मधल्या वारी तिथे दुसरं कोणी भेटत नाही. चांदोलीजवळच्या वारणावतीपर्यंत एसटीने वाचवलेले पैसे इथे एका फटक्यात जातात.

लाँचचं भाडंही बोटीमागेच, हे खरं. फरक एवढाच की बामणोलीला वाटेकरी मिळतात. शिवसागर, म्हणजे कोयना धरणाचा जलाशय, ओलांडून किल्ल्याच्या पायथ्याच्या मेट इंदवलीला उतरलं की वनखात्याच्या चौकीवर सॅक उघडून प्लास्टिक मोजतात: पाण्याच्या बाटल्या, बिस्किटांचे पुडे, अगदी वेफर्सचं पाकीटसुद्धा. अनामत भरायची, परतताना तेवढंच दाखवून परत घ्यायची. तिथून पुढे मात्र सगळी वाट आपल्या पायांची. गच्च झाडीतून चढ, नागेश्वरच्या गुहेतल्या शिवमंदिराकडे जाणारा फाटा, आणि वर बाबूकड्यावरून समोरच्या डोंगरावर जुना वासोटा. जंगलात मुक्कामाला परवानगी नाही, आणि परतीची वेळ लाँचवाला ठरवतो. त्यामुळे वासोटा आणि नागेश्वर एका दिवसात उरकायची हाव नको. शनिवार-रविवारी गर्दीही बरीच असते, वाटेवर स्पीकर लावून चालणारे भेटतात. तेवढं सोसायचं.

एकटे असाल तर त्याच गर्दीचा उपयोग करून घ्या. शुक्रवारी संध्याकाळच्या एसटीने कासमार्गे बामणोली गाठा, गावात किंवा काठावरच्या तंबूत मुक्काम करा, ओळखपत्राची झेरॉक्स जवळ ठेवा. सकाळी लवकर धक्क्यावर जाऊन उभं राहायचं आणि पुण्या-मुंबईचा अर्धवट भरलेला गट दिसला की विचारायचं, "एक जागा आहे का हो?" बहुतेक वेळा असते.