युगांडातील नवजात-सेवा मोहीम : एका परिचारिकेचा अभिप्राय

नाशिकच्या एका रुग्णालयातील नवजात अतिदक्षता विभागात २२ वर्षे काम केल्यानंतर, गेल्या वर्षी मी एका संस्थेमार्फत युगांडातील जिल्हा रुग्णालयात पंधरा दिवस स्वयंसेवा करून आले. विमानभाडे आणि संस्थेचे शुल्क दोन्ही पदरचेच, त्यामुळे ‘सेवेत कसला हिशेब’ म्हणून गप्प बसणे मला पटत नाही.

निवास स्वच्छ होता. जेवणात रोज मातोके, म्हणजे वाफवून कुस्करलेली कच्ची केळी, असे. पीतज्वराची लस किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते आणि प्रमाणपत्र नसल्यास परतल्यावर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात राहावे लागू शकते, हे संस्थेने वेळेवर कळवले. मात्र तेथे रुग्णसेवेसाठी लागणाऱ्या तात्पुरत्या नोंदणीची माझी कागदपत्रे संस्थेने पुढे पाठवलीच नव्हती. परिणामी पहिले चार दिवस मी नुसती भिंतीला टेकून उभी होते.

देणगीच्या साहित्याची तीच गत. मोठ्या कौतुकाने नेलेल्या रेडिएंट वॉर्मरची, म्हणजे बाळाला वरून ऊब देणाऱ्या यंत्राची, पिन आपल्याकडची, गोल. तेथील सॉकेट चपट्या चौकोनी पिनांचे. मी निघेपर्यंत तो चादरीखाली झाकलेलाच होता. गंगापूर रोडवरच्या मैत्रिणींनी विणलेल्या लोकरी टोप्या मात्र पहिल्याच दिवशी संपल्या, कारण बबल सीपॅपच्या, म्हणजे श्वासाला आधार म्हणून नाकावाटे दाबाने हवा देणाऱ्या साधनाच्या, नळ्या बाळाच्या टोपीलाच दोन्ही बाजूंना सेफ्टी पिन आणि रबरबँडने अडकवतात. शोभेचे गोंडे तेथील सिस्टरांनी आधी कात्रीने उडवले, आणि ज्या टोप्यांची वीण सैल होती त्यांतून नळ्या घसरू लागल्या तेव्हा माझी मलाच लाज वाटली.

खरे तर शिकवायला गेलेली मी शिकूनच परतले. चौदाशे ग्रॅमचे बाळ आईच्या उघड्या छातीशी किटेंगे नावाच्या रंगीत कापडाने घट्ट बांधलेले, आणि ती त्याच्यासह व्हरांड्यात शेजारणीशी गप्पा मारत बसलेली. १९७८ च्या सुमारास कोलंबियातील बोगोटा येथे इन्क्युबेटर अपुरे पडल्याने रुजलेली ही कांगारू पद्धत दिवसाचे ८ ते २४ तास पाळावी, असे जागतिक आरोग्य संघटना २०२२ पासून सांगते. आमच्याकडे मात्र ‘सूनबाई दमली असेल’ म्हणत सासूबाई तासाभरात बाळ काढून घेतात.

संस्थेला मी पाचपैकी अडीच गुण देईन. नवजात विभागाचा अनुभव असणाऱ्यांनी जरूर जावे, पण नोंदणीचा कागद हाती पडल्याशिवाय तिकीट काढू नये. टोप्याही न्याव्यात, घट्ट विणीच्या आणि गोंड्याविना.